एकास तेहतीस

मैद्याची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद,
कसर लागत नाही, हमीदमियाँ म्हणाले
सेलूच्या स्टेशन रोडला, जिल्दसाजीच्या दुकानात.
त्यांनी पुठ्ठा दिला, हाडाची घोटणी दिली
आणि कशाला ते विचारलं नाही.

बाकी सगळ्यांनी विचारलं.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस
कागदाची विमानं करायलाय म्हणजे
पेन्शन अजून कागदावरच दिसती,
असं चहाच्या गाड्यावर भुजंगराव तलाठी बोलले.

घरात पद्मीण म्हणाली, लाटणं कुठंय ओ?
म्हणालो, त्याच्यावर विमानाचं पोट गुंडाळलंय,
वाळू दे.
त्या दिवशी पोळ्या राहिल्या.
तिनं भाकरी थापल्या, जरा जोरातच.

प्रमाण एकास तेहतीस.
आमची साखळीही तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची,
तेहतीस लांब, तेहतीस रुंद, तो गुंठा.
म्हणजे सगळी साखळी आता माझ्या फूटपट्टीत मावते
आणि गुंठाभर रान
जेवणाच्या पाटावर.
ज्या अंतरावरून जन्मभर पाय भाजत गेलो
तिथून आता ब्लेड जातं,
वळणावर श्वास धरून.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, हे मला विचारा.
नकाशात अर्धा मिलिमीटर
म्हणजे रानात हातभर,
हातभर म्हणजे दोन भाऊ, एक कुऱ्हाड,
दिवाणी कोर्टाच्या अकरा तारखा.

छापील नकाशे मिळतात: लढाऊ, जंबो,
दोन मजली पंखांची जुनी.
मला हवं ते कुणी छापलेलं नाही.
मी ते एकदाच पाहिलं,
बोरखडी शिवारात, भर श्रावणात, कोरड्या मातीवर उभं राहून.
साखळीचं एक टोक मुंजाजीच्या हातात, दुसरं सोपानच्या,
सहा वर्षं एकमेकांशी न बोललेले सख्खे भाऊ.
आवाज आला तसं दोघांनी एकदमच वर पाहिलं.
झेंडी धरलेल्या शिपायानं पाहिलं. मीही.
कृत्रिम पावसाचं विमान.
पांढरं, बुटकं, पंखांखाली नळकांड्या,
ढगाच्या कडेकडेनं गेलं
हद्द शोधल्यासारखं.

साखळी तेव्हा सैल पडली का ताणलेली राहिली,
मी पाहिलं नाही.
आकडा लिहिला.
दप्तरात आहे तो अजून. खाली सही माझी.

आता आठवणीवरून काढतोय ते विमान.
नाक तीनदा चुकलं.
उन्हाळ्यात आमच्याकडं खळ ब्रशवरच वाळते,
पंखा लावावा तर शेपटाचे तुकडे कॉटखाली.
पाचव्या महिन्यात उभं राहिलं,
डावा पंख जरा खाली.
किती खाली, ते मला माहीत आहे.

परवा मोंढ्यातून येताना मुंजाजी आला.
गुडघे गेलेत. पाटाशी थांबला,
हात मागं बांधून वाकला,
बांध बघायचा तसाच.
"हे तेच की हो सायेब!"
"पडला होता का पाऊस त्या दिवशी?"
"पडला की. त्याच्यात.
बांधाच्या पल्याड. माझ्यात थेंब न्हाई."
आणि इतका हसला
की पंख हलला.

मला बांधाचं विचारायचं होतं.
चहा घेणार का, असं विचारलं.

निघताना म्हणाला, असलंच अजून एक करा.
कुणासाठी?
तो कितीतरी वेळ चपला शोधत राहिला.
दोन्ही समोरच होत्या.

संध्याकाळी नवा पुठ्ठा घेतला,
फूटपट्टी मांडली, पुन्हा मांडली,
आणि आत हाक मारून लाटणं मागितलं.

"आज पोळ्या हायत," पद्मीण म्हणाली.