ह्याला तेल लागत नाही

प्रमोशन झालं त्या आठवड्यात घेतली पर्स,
सात रस्त्याच्या नव्या दुकानातून.
आतल्या चिठ्ठीवर होतं : व्हेगन लेदर.
एकाही जनावराला इजा नाही.
आप्पांनी ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली,
मग चष्मा काढून अंगठ्यानं पर्स वाचली :
पाठ कुठली, पोट कुठलं, मानेची घडी कुठं.
"सगळीकडं सारखंच की गं," म्हणाले,
"हे कशाचंच न्हाई."

आमच्या गल्लीचा पत्ता कुणाला सांगावा लागला नाही कधी.
हौदातला चुना, बाभळीची साल, हिरडा
वळणाच्या आधीच भेटायचे.
पाहुणे रुमाल नाकाला धरूनच यायचे,
आणि शाळेत माझ्या शेजारी
बाकाच्या लांबीपेक्षा जास्त जागा असायची.
आता बँकेत काउंटरवर ठेवते ही पर्स,
कुणाचं नाक हलत नाही.
हे मी आप्पांना सांगितलेलं नाही.
किंमत सांगितली, तीही निम्मी.

एप्रिलात पारा चव्वेचाळीसवर.
स्कूटीच्या हुकाला पर्स, पार्क चौकात दुपारचा सिग्नल,
आणि पट्टा हाताला लागला
भेलीच्या गुळासारखा.
दुकानातली कृत्तिका यंगल म्हणाली,
"उन्हात नको मॅडम. डिकीत नको.
सॅनिटायझरचा ओला हात नको.
प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती पिशवी घ्या.
दोन पर्सा चिकटून ठेवू नका, एकीचा रंग दुसरी घेते.
आणि तेल, क्रीम, पॉलिश, काही म्हणजे काही नको."
मी पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं.
घरी पोचले तोवर
आप्पांनी पर्सला एरंडेल पाजलं होतं.

वाटीभर.
जुन्या बनियनच्या बोळ्यानं, गोल गोल,
बैलाच्या घुंगुरपट्ट्याला पाजायचे तसं.
"सकाळपातूर पिऊन टाकील."
सकाळी तेल होतं तिथंच, वर.
त्यावर शेजारच्या पॉवरलूमची रात्रभर उडालेली रुई,
पर्सला मिशा फुटल्यासारखी.
मी बोलले.
पर्सवरून बोलायला लागले ते
हौदापर्यंत गेले, गल्लीपर्यंत, बाकापर्यंत.

आप्पांनी बादली घेतली. कोमट पाणी,
भांड्याच्या साबणाचे दोन थेंब.
आई टॉवेलच्या कारखान्यात होती तेव्हाचा
किनार चुकलेला एक नग ट्रंकेत होता,
तो बुडवून पिळला, इतका,
की ओल फक्त बोटांना कळावी.
पुसलं. सुक्या टोकानं परत पुसलं.
पंख्याच्या वाऱ्याला ठेवलं, खिडकीपासून लांब.
तेल निघालं, पण एका कोपऱ्याला
पापुद्रा सुटला, नखाएवढा,
आणि खाली दिसलं कापड. उभं-आडवं, साधं.
"अगं, खाली तर सोलापूरच हाय!"
तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

मग म्हणाले, "कातडं म्हातारं होतंय.
सुरकुततंय, मऊ पडतंय, माणसागत.
ह्याला ते जमत न्हाई बघ.
हे सांभाळायचं म्हंजे
त्याला कळू द्यायचं न्हाई दिवस गेल्यालं."

तेव्हापासून रविवारी पर्स त्यांच्याकडे.
चिल्लर, पेनं, माझ्या गोळ्यांचं पाकीट
ताटात काढून ठेवतात, उघडून बघत नाहीत.
आत टॉवेलची गुंडाळी भरतात, म्हणजे पोट बसत नाही.
पेपर भरत नाहीत, शाई लागते.
खुंटीला टांगत नाहीत, पट्टा ताणतो.
फडताळात उभी करतात,
रापी आणि आरी असायची त्या खणात.

त्याआधी मात्र
सवयीनं नाकाशी नेतात.
डोळे मिटून हुंगतात, बराच वेळ.
"कसला वास येतोय, आप्पा?"
"साबणाचा."