दुसरी बाटली

रविवारी जेवणानंतर ताटं तशीच ठेवून
मी औषधांची कागदी पिशवी फाडून सपाट केली
आणि तिच्या पाठीवर हिशेब मांडला.
एकतीस वर्षं चौकातल्या फार्मसीत गल्ल्यावर बसले आहे,
आकडा दिसला की आधी त्याची खोड दिसते,
मग किंमत.

जहाज सात रात्रींचं. वालपाराइसोहून खाली,
खाड्याखाड्यांतून, बर्फाच्या नद्यांपर्यंत.
तिकिटं भाच्याने काढली, वाल्दोने.
वाइन ज्याची त्याने.

एक पेला अकरा डॉलर, वर सेवाशुल्क.
रोज एक म्हटलं तरी आठवड्याचे नव्वद.
नव्वद डॉलरांत आमच्या टेकडीवर
डॉन एलेउतेरियो दुकानाचं अर्धं फळकूट रिकामं करून देईल
आणि वर घरापर्यंत पोरगा पाठवील.

मग ते पॅकेज. पंचेचाळीस रोजचे, हवं तेवढं प्या.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
एका केबिनमधल्या दोघांनीही घेणं बंधनकारक.
म्हणजे माझ्यासाठी ओर्तेन्सियानेही.
ओर्तेन्सियाला ऑगस्टपासून थेंब बंद आहे.
यकृत. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती फक्त
"बरं" म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

सहाशे तीस, मी लिहिलं. मग खोडलं.
इतकं खोडलं की पिशवीला भोक पडलं.

स्वतःची बाटली नेता येते, माणशी एक.
जेवणाच्या टेबलावर उघडली तर वीस डॉलर बूच-भाडं.
केबिनमध्ये उघडली तर कोण बघतंय.
एक बाटली, पाच पेले, रात्री सात.
"दोन रात्री कोरड्या," मी म्हणाले. "चालेल. म्हातारपणी
सगळंच थोडं कोरडं चालतं."

ओर्तेन्सिया बशा विसळत होती.
पाठ न वळवता म्हणाली,
"माणशी एक ना?
मग मी माणूस नाही का?"

धक्क्यावर तपासणीच्या पट्ट्यावरून
तिची बाटली माझ्या बाटलीमागून सरकत गेली.
शिपायाने दोन्हींवर चिकटपट्ट्या लावल्या:
ए. रिकेल्मे, ४०१७.
ओ. रिकेल्मे, ४०१७.
तिने आपली बाटली छातीशी धरली होती,
शेजारणीचं मूल धरावं तशी,
जपून, पण आपलं नाही हे ठाऊक असल्यासारखी.

जेवायला टेबलावर ब्रेमेनचे लोथार आणि गुद्रुन.
त्यांनी पॅकेज घेतलं होतं.
चार पेल्यांपर्यंत जहाज जिंकतं, लोथारने बोटांवर दाखवलं,
पाचव्यापासून आपण.
बिचारा रोज रात्री पाचव्यासाठी झगडायचा,
डोळे मिटत आलेले, कॉलर ओली,
पैसे वसूल करताना माणूस किती दमतो.
गुद्रुन माझ्याकडे बघायची. मी पाण्याचा घोट घ्यायची.

खाली ४०१७ ला खिडकी नव्हती.
दात घासायच्या पेल्यात मी कार्मेनेर ओतायची
आणि ओर्तेन्सिया पलंगावरून हात पुढे करायची.
प्यायला नाही.
तरुणपणी अकरा वर्षं तिने माइपोच्या खोऱ्यात
बाटल्यांना लेबलं चिकटवली होती,
तिचं नाक अजून तिथेच नोकरीला आहे.
"आलुबुखार," ती म्हणायची. "ओली माती.
मिरचीचं देठ. आणि पाच हजार पेसोंचं बूच."
मग पेला परत.
मी प्यायची, तिने सांगितलेलं सगळं शोधत.
मिरची मला एकदाच सापडली,
तीही बहुतेक तिच्या शब्दाची.

बर्फाची नदी दिसली त्या सकाळी सगळे वर धावले.
आम्हीही गेलो. निळं होतं, फार थंड होतं,
लोथार झोपलेला होता.

शेवटच्या रात्री दुसऱ्या बाटलीत
तीन पेले उरले. हिशेब मीच चुकवला होता,
मुद्दाम की कसं, आता सांगता येणार नाही.
मी ओतली, तिच्यापुढे धरली.
तिने डोळे मिटून बराच वेळ श्वास आत घेतला.
मी थांबले. इंजिन थरथरत होतं.

"पुदिना," ती म्हणाली.
"पुदिना? कार्मेनेरमध्ये?"
"वाइनमध्ये नाही गं. पेला नीट धूत जा."