दात कुठे संपतो

पौषातली गोष्ट. दाल बाजारातून आणलेली गजक,
पाव किलोचा डबा, निम्मा संपलेला,
आणि उजवीकडची खालची दाढ मोडली.
मोडली ती मोडली.
पण विम्याच्या पुस्तिकेत
गजक खाणं अपघातात मोडत नाही.

भिंग घेऊन वाचलं, दोनदा:
दंतोपचार वगळले आहेत,
अपघात होऊन दाखल झाल्याखेरीज.
अठरा वर्षं हप्ता भरला, ह्यांच्यामागे मी एकटीने,
कंपूच्या शाखेत, दर फाल्गुनात,
आणि एकदाही विचारलं नाही
की शरीर म्हणताना तुम्ही तोंड धरता
की सोडता.

डॉक्टर सिकरवारांनी फिल्म उजेडासमोर धरली.
दाढेच्या मुळाशी काळं वर्तुळ,
बोराएवढं,
हाडात स्वस्थ बसलेलं.
दाढेचं नुसतं निमित्त, म्हणाले, दुखणं हे आहे.
पुरी भूल, एक रात्र मुक्काम,
अठ्ठ्याहत्तर हजार.
मी आकडा जिभेने चाचपून पाहिला.

तळमजल्यावर काचेमागे निधी कुशवाह,
माझ्या भाचीच्या वयाची.
"आंटी, गिरी थीं क्या कहीं?"
नाही.
"ज़ीने से? बाथरूम में?"
तिचं पेन रकान्यावर थांबलेलं. दयाळू पेन.
मी मनातल्या मनात घसरूनही पाहिलं,
आमच्या जिन्याची सातवी पायरी, तशीही हलतेच ती.
पण चौतीस वर्षं हजेरीपट लिहिलेला हात,
त्याला गैरहजर पोराला हजर मांडता येईना.
नाही गं, म्हटलं. गजक.
ती हसली. मग मीही,
उजवी बाजू सोडून.

चिठ्ठी सिकरवारांनीच नव्याने लिहिली,
एक अक्षर खोटं नाही:
जबड्याच्या हाडातली गाठ. भूल. शस्त्रक्रिया. दाखल.
दाढ खालच्या ओळीत, वेगळ्या बिलावर.
तीन दिवसांनी मंजुरी आली, एकावन्न हजार.
मुलीच्या कंपनीचा दातांचा विमा निराळा,
त्यात आईही बसते हे तिलाच ठाऊक नव्हतं;
त्यांनी दाढेचे आठ दिले.
उरले एकोणीस. ते माझे.
बांगडीला हात न लावता निघाले.

आदल्या रात्री झोप कसली.
हाड त्यांचं, दात माझा,
आणि मधली हिरडी कुणाची
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

सकाळी शुद्ध आली तेव्हा तोंडात कापूस,
आणि नर्सने हातावर छोटी बाटली ठेवली.
"ये आपका है."
दोन मुळं, एक वाकडं,
माझ्याबरोबर इतकी वर्षं जेवलेली.
गाठ मात्र तपासणीला गेली, विम्याच्या खर्चाने.

डब्यात अजून गजक आहे.
खलबत्त्यात कुटते, चमच्याने खाते,
डावीकडून.