वाडग्यातलं पिल्लू

सहा आठवड्यांचं होतं, डोळ्यांतला निळसरपणा
अजून पुरता गेला नव्हता,
तेव्हा काहिमिसेनं ते पोत्यातून आणलं
आणि शेळ्यांच्या वाडग्यात सोडून दिलं.
घरात नाही. चुलीपाशी नाही.
आठ वर्षांची नात, चिविकुआ, कुंपणाशी हात पुढे करून उभी,
"एकदाच."
"नाही," म्हातारा म्हणाला,
"तुझा हात लागला की ते तुझं होईल."

पहिल्या रात्री पिल्लू आईसाठी रडलं.
दुसऱ्या रात्री एका थोराड शेळीनं
त्याला शिंगानं दोनदा ढकललं,
मग कंटाळून शेजारी पडू दिलं.
तिसऱ्या रात्री बादलीतलं पाणी गोठलं.
ओमाहेकेत हिवाळा असाच येतो, वाऱ्याशिवाय, चोरपावली.
कुत्रं कुठं संपतं आणि कळप कुठं सुरू होतो
ते कंदील धरूनही दिसेना.

मग ते शिकत गेलं.
मीठ चाटायला मध्येच घुसणं,
ऊन चढलं की सावलीबरोबर बोटभर सरकणं,
ओमुरांब्याच्या कोरड्या पात्रात
पुढची शेळी थांबली की थांबणं, का ते न विचारता.
दुपारी सगळ्या रवंथ करत बसल्या
की तेही रिकामा जबडा हलवायचं,
असं चिविकुआ शपथेवर सांगते.
शेजारचा कापुओ पोट धरून हसायचा,
"म्हाताऱ्या, पुढच्या वर्षी दूधही देईल बघ."

काहिमिसे हसत नसे.

त्याच्या बाराव्या वर्षी बाप गेला
आणि तो तिघा पुरुषांच्या शेकोटीशी बसू लागला.
ते मटणातला चांगला तुकडा त्याच्याकडे सरकवत,
नावानं हाक मारत. आणखी काय हवं असतं?
चोरी कर, असं कुणीच म्हणालं नाही कधी.
त्यांनी फक्त चालायला शिकवलं.
पाऊल कडेवरून टेकायचं, मग हळूच सगळा भार,
असा की वाळलेली शेंगही तडकू नये.
परक्या वाडग्यांपाशी ती चाल
चार हिवाळे उपयोगी पडली.

एक जण तुरुंगात खोकून खोकून मेला.
दोघांचा पत्ता नाही.
चाल राहिली.
सत्तरीतही बायको पाठमोरी असली की दचकते,
"माणसा, आवाज करत ये."

ऑगस्टात, अमावास्येच्या आसपास, बिबट्या आला.
आधी शेळ्यांचा वास बदलला.
मग त्यांच्यातून काहीतरी उभं राहिलं
आणि त्यातून निघालेला आवाज
कुठल्याही शेळीनं शिकवलेला नव्हता.
आईनंही नाही, तेवढा वेळच कुठे मिळाला होता.
तो कुठून आला, कुणास ठाऊक. तिथंच असावा,
इतके दिवस बें बें ऐकत, गप्प.

काहिमिसे अंथरुणात उठून बसला.
वाण लागला नव्हता, हे त्याला कळलं.
संगतीनं घसा बदलत नाही.
तो कुणासाठी फाटेल, तेवढं ठरतं.

कंदील न घेताच तो बाहेर गेला.
बिबट्या निघून गेला होता.
वर्षभर ज्याला त्यानं बोट लावलं नव्हतं ते कुत्रं
फाटक्या कानानं उभं होतं. हात पुढे झाला
आणि तसाच हवेत राहिला, चिविकुआच्या हातासारखा,
कारण कुत्रं वळलं आणि कळपात जाऊन पडलं.
थोराड शेळी त्याच्या कानावरचं खारट रक्त चाटू लागली.
माया होती की मिठाची हाव, त्यानं विचार केला नाही.

तो कुंपणापासून चार पावलांवर होता.
इतका जवळ, आणि एकाही शेळीनं मान वळवली नव्हती.
त्यानं खाली पाहिलं.
अंधारात पावलं दिसत नव्हती,
ऐकूही येत नव्हती.

तो मागं गेला, पार अंगणापर्यंत.
मग पुन्हा निघाला वाडग्याकडे,
जोडे फरफटत, खोकत,
वाटेतली प्रत्येक शेंग मुद्दाम तुडवत.