खिडकी क्रमांक चार

आडनाव खासगीवाले, आणि एकतीस वर्षं
पोलो ग्राउंडच्या वीज कचेरीत
तक्रारींच्या खिडकीवर.
या विनोदाला साहेब लोक हसायचे. मीही हसायचे,
तेच हसू, जे सकाळी साडेनऊला
पदराला पिन लावताना
सोबत लावून घ्यायचे.

खिडकी दीड फुटाची.
कपाळापासून मंगळसूत्राच्या वाट्यांपर्यंत
मी जनतेची.
त्याखाली टेबल, टेबलाखाली
चपला काढून ठेवलेले माझे पाय.
डाव्याला भोवरी. उजवा सारखा हलायचा,
समोरून शिव्या आल्या की जास्तच.
वर मी म्हणायचे, "हो जाएगा भैया, नंबर लिख लीजिए,"
खाली अंगठा फरशीवर
काहीतरी गिरवत असायचा.
काय ते मी कधी वाकून पाहिलं नाही.
रांग असायची.

भाची मानसशास्त्र शिकते.
दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, मावशी,
यालाच पर्सोना म्हणतात.
खोटेपणा नाही गं तो,
घर आणि रस्ता यांच्यामधली ओसरी.
आल्यागेल्याला बसायला जागा नको का?
फक्त माणसानं ओसरीलाच घर समजू नये.
मी मेथी निवडत होते.
म्हटलं, आणि आतलं दार फुगून बसलं तर?
लाकूड फुगतं ना, तसं.
ती गप्प झाली.
परीक्षेला तेवढं नसावं.

मला आठवत होती एम.वाय. हॉस्पिटलची रात्र.
डॉक्टरांनी चष्मा काढला आणि सांगितलं,
यांचं आता काही उरलं नाही.
मी म्हणाले, "जी, समझ गई. धन्यवाद."
वर हसलेसुद्धा, थोडं.
जाऊबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, केवढी धीराची.
धीर कसला.
खिडकी बंद करायला कुणी आलंच नव्हतं.

मग निवृत्ती. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
मालवा मिलच्या मंडईत अजून कुणी ओळखतं,
"अरे, चार नंबर वाली मैडम!"
की हातात कोथिंबीर असली तरी
पाठ आपोआप ताठ होते,
आणि मी त्याच्या मीटरची चौकशी करते.
पायांचीच पंचाईत झाली.
टेबल गेलं. उघड्यावर आले बिचारे,
कुणासमोर कसं उभं राहायचं ते
त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात सुदामा नगरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
रात्रीचे सव्वाअकरा.
मेणबत्तीच्या उजेडात चष्मा शोधून
मी तक्रारीचा नंबर फिरवला, आयुष्यात पहिल्यांदा
बाहेरच्या बाजूनं.
कोवळा आवाज. मुलगी.
"आपकी शिकायत दर्ज... कर ली गई है."
'दर्ज'नंतरचा तो थांबा!
तिथं श्वास मी घ्यायचे.
तो तिला कुणी दिला? मला तरी कुणी दिला होता?

तोंडून निघून गेलं,
"बेटा, चप्पल उतारके बैठी हो ना?"
"जी?"
मागे आणखी फोन वाजत होते, दोन, तीन.
मग आवाज एकदम खाली आला,
खिडकीखाली यावा तसा, आणि चक्क मराठीत,
"बूट आहेत हो काकू. सक्तीचे.
लेस ओढली तर गाठ बसलीय."
"नखानं काढ," मी म्हटलं. "घाई नको करू."
"हो."

आणि लगेच,
"और कोई सहायता, मैडम?"
"नहीं बेटा."

दीडपर्यंत वीज आली नाही.
मी गॅलरीत बसले होते,
समोरच्या खुर्चीवर पाय टाकून, सगळ्या कॉलनीदेखत,
तशी कॉलनीही अंधारातच होती.
उजवा अंगठा वेताच्या विणीवर
सावकाश काही लिहीत होता.
मेणबत्ती विझली होती,
नाहीतर या वेळी
वाकून पाहिलं असतं.