सव्वा मूठ

वरून आलेल्या तक्त्यात शेवटचा रकाना २०४० सालचा.
एकक : दशलक्ष घनमीटर, दररोज.
जळगावच्या सांख्यिकी कचेरीनं मला अमळनेर दिलंय.
नमुना : चाळीस घरं, दोन जिनिंग, एक डाळमिल
आणि खारी-टोस्टची एक भट्टी.

साहेब म्हणाले, बडगुजर,
लोकांना गरज विचारायची नाही,
कल विचारायचा.
मी वहीत लिहून घेतलं. फरक अजून कळलेला नाही.

भट्टीवाले रशीदभाई तांबोळी म्हणाले,
पाइप आला तर घेऊ की.
कधी येईल?
ते मीच तुम्हाला विचारणार होतो.
आम्ही दोघांनी चहात टोस्ट बुडवले.
मी लिहिलं : अनुकूल.

डाळमिलच्या मुनिमाचं उत्तर त्यातल्या त्यात सरळ.
तुरीचा भाव सांगा, मग गॅस सांगतो.
तुरीचा भाव सांगणारा तक्ता
दुसऱ्या खात्याकडे असतो.

पऱ्हाटीला रकाना नाही.
गल्लीत दारोदार भिंतीशी रचलेली पऱ्हाटी,
सिलिंडर आहे, दोन-दोन आहेत,
पण भरताचं वांगं तिच्यावरच भाजायचं.
'इतर'मध्ये टाक, साहेब फोनवर म्हणाले.
'इतर'मध्ये आधीच गवऱ्या होत्या, रॉकेल होतं,
आणि ज्या घराचं दार कुणी उघडलं नाही ते घर.

निघण्याआधी कपाटात मागच्या अंदाजाची फाइल सापडली होती.
१९८९ साली कुणा हिलाल वाण्यानं
शाईच्या पेनानं काढलेली चढती रेघ.
तिच्या हिशेबानं आज बोरीकाठी
चार कारखाने असायला हवेत.
मी जाऊन पाहिलं. म्हशी बसल्या होत्या.
मला वाण्याचा राग आला नाही.
आकडा गोल करताना त्याचा हात जरा वर झुकलाय,
माझाही झुकतो.

एकतिसावं घर कोकिळाबाई भावसारांचं.
रविवारी कानबाई बसणार,
त्या रोटांचे गहू मोजून सुपात टाकत होत्या.
माणसं किती?
"घरमा तीन," त्या म्हणाल्या,
आणि चौदावी मूठ काढली.

दोन मुलगे, तीन पुतणे, त्यांची पोरं,
सगळे सुरतेला, कुणी साड्यांच्या मार्केटात, कुणी उधन्याला.
त्यांच्या चहाखालचा गॅस
गुजरातच्या तक्त्यात जळतो.
वर्षातून एकदा ती सगळी भूक
ताप्ती लाइनच्या गाडीतून इकडे उतरते
आणि गल्लीतल्या साऱ्या शेगड्या एकदम पेटतात.
ह्याला आमच्याकडे शब्द आहे, कमाल भार.
पण त्या रविवाराला तीनशे पासष्टनं भागलं की
भाऊबंदकी दिसेनाशी होते.

पंधरावी मूठ काढताना हात थांबला.
मी विचारलं, "हाई कोनी?"
"धाकलानी. तीन साल व्हयनात, उना नही."
"मंग?"
"तो येवो ना येवो, मूठ ते काढनी पडस."
आणि वर चिमूटभर, सव्व्यासाठी.
वरचा पाव कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं.

रात्री लॉजवर मी तिन्ही शक्यता भरल्या,
कमी, मध्यम, जास्त.
वाढीचा दर वरूनच आला होता,
सहा पूर्णांक चार, बदलू नये असा.
शेऱ्याच्या चौकटीत दोनशे अक्षरांची मुभा.
लिहिलं : नमुन्यातील एक व्यक्ती गैरहजर,
मागणी धरली आहे.
पद्धत विचारली होती, ती जागा कोरी सोडली.

खाली स्टेशनात सुरतेची गाडी लागली,
बावीस मिनिटं उशिरा.
कोण उतरलं ते खिडकीतून दिसत नव्हतं.

२०४० च्या रकान्यात आकडा चांगला गोल बसला होता.
मी त्याच्यापुढे टिंब दिलं,
मग दोन, मग पाच.
कुठून आला, म्हणून विचारतील.