झोपेचा प्रवाह

किट आलं तेव्हा खोक्यात एवढंच होतं:
तळहाताएवढा हिरवा बोर्ड, एक आखूड केबल,
आणि घडी उलगडली की टेबल झाकून टाकणारा कागद.
त्यात जिकडेतिकडे झोप.
हलकी झोप, गाढ झोप,
स्मरण ठेवून झोप, स्मरण सोडून झोप.
फर्मागुडीच्या चार वर्षांत
मला कुणी इतके प्रकार शिकवले नव्हते.

काम तसं साधं.
चोडणच्या मानशीवर खाजनातलं पाणी मोजायचं,
किती चढलं, किती खारं.
दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं,
चार आकडे हवेत सोडायचे, पुन्हा निजायचं.
नाण्याएवढी बॅटरी. हिशेबाने पाच वर्षं.

अकराव्या दिवशी ती मेली.
दुसरी नवव्या दिवशी.

मानशीचा राखणदार कायतान
जाळ्यातून शेवटाळे सोडवता सोडवता म्हणाला,
"बाये, तुजें यंत्र न्हिदना."
बावीस वर्षं तारवटी होता तो, इंजिनरूममध्ये.
चार तास पहारा, आठ तास सुट्टी.
लोखंडाच्या आवाजात कसं निजायचं
हे त्याला कागद न उलगडता ठाऊक.

वेर्ण्याला परतून रात्री मीटर लावला.
झोपेत हवेत दोन मायक्रोअँपिअर.
दिसत होते आठशे.
दिवा काढला, रेडिओ बंद केला, सेन्सर उपटला.
आठशे.
बाहेर वॉचमनने दोनदा शिट्टी वाजवली,
मी कोडच्या ओळी वर-खाली करत बसले,
हरवलेली किल्ली त्याच त्याच खिशात शोधावी तशी.

पहाटे सापडलं.
टेबलावर असताना मी त्याच्याशी बोलायचे ना,
त्या केबलीतून, कीबोर्डवरून,
कसा आहेस, किती व्होल्ट, आवृत्ती कोणती.
ते ऐकायचं दार मी बंदच केलं नव्हतं.
केबल कधीच काढलेली,
पण ते तिथे चिखलात, खेकड्यांच्या शेजारी,
कान उघडा ठेवून माझ्या एखाद्या अक्षराची
वाट बघत होतं.

एक ओळ लिहिली. दार मिटलं.
आकडा घसरला: आठशे, चाळीस, दोन.
आनंद व्हायला हवा होता.
झालाही. पण घरी जाताना
उशाशी रात्रभर जागा ठेवलेला फोन आठवला,
आणि कुणाची वाट बघतेय ते नीटसं आठवलं नाही.

आता मी हाक मारली तरी ते ऐकणार नाही.
ते उठेल तेव्हाच उठेल.
हे माझंच काम, आणि त्याची सवय मात्र मलाच नाही.

काल फेरीने गेले, बांधावर बसले.
सुकती संपत आलेली. कायतान
टोपी तोंडावर घेऊन आडवा.
लॅपटॉपवर शेवटचे चार आकडे, अकरा मिनिटांपूर्वीचे.
कोरगुटाच्या रोपांतून वारा.

मग पाणी थबकलं, वळलं,
आणि मानशीची जुनी लाकडी दारं
भरतीच्या नुसत्या रेट्याने
आपसूक मिटली. ठक्.
कायतान उठून बसला.
"ह्यांक बॅटरी लागना," म्हणाला, दारांकडे बोट दाखवून,
हसला नाही.

चार मिनिटांनी माझे आकडे आले.
बरोबर होते.